दगडावर ठेवलेले शाफ्ट

कुपवाडला आमच्या वर्कशॉपमध्ये लेथशेजारी काळ्या ग्रॅनाइटचा एक सपाट दगड आहे. मोजमाप त्याच्यावर चालतं. मशीनमधून काढलेला शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, चाचा पुसून आधी त्या दगडावर ठेवायचे आणि चहाला जायचे. परत आले की जाडी मोजायला मायक्रोमीटर लावायचे. गरम लोखंड फुगलेलं असतं, निवल्यावरच खरं माप देतं, हे त्यांनी मला मी आठवीत असताना सांगितलं होतं. ते आमचे सगळ्यात जुने मिस्त्री. माझ्याशी बोलायचे, पण मी उत्तर द्यावं म्हणून खोळंबायचे नाहीत. मला शब्द जुळवायला वेळ लागायचा, म्हणून ते फार बरं वाटायचं.

मी इंजिनिअर होऊन परतले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी लेथ, घेतली होती, आणि तिच्या जोडीला आपोआप मोजणारा गेज. शाफ्ट त्यात ठेवला की आकडा थेट मशीनला जातो. माप जास्त भरलं तर मशीन पुढचा शाफ्ट तेवढा जास्त कापतं. सेटिंग माझ्याकडे होतं. मोजण्याआधी किती मिनिटं थांबायचं, असा स्क्रीनवर एक रकाना होता. मी तिथं शून्य भरलं.

"आन् निवायचं कवा?" चाचांनी विचारलं.

"मशीन उष्णता स्वतःच वजा करतं, चाचा."

"लय शानं हाय की! म्हंजे माझा चहा गेला म्हना."

सगळे हसले, मीही हसले. माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं खरं. त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो, हे त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं. तो आम्ही घेतलेला नव्हता.

पंधरा दिवसांनी शिरवळच्या कारखान्याकडून अख्खी खेप परत आली. प्रत्येक शाफ्ट केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा कमी. जाड राहिला असता तर पुन्हा कापता आला असता. कमी झालेला शाफ्ट भंगारातच जातो.

अण्णांनी सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. गेजमध्ये लोखंडाचा बारीक बुरा अडकला तर तो माप जास्त दाखवतो, मग मशीन जास्त कापतं, असा तर्क कुणीतरी काढला. तो पटण्यासारखा होता. गेज पुसणं चाचांचं काम होतं.

"मिस्त्री, पुसत होता ना?" अण्णांनी विचारलं.

"पुसत हुतो की मालक. पर बारीक असंल. दिसला नसंल."

"चाचा, चष्म्याचीबी सर्व्हिसिंग करा आता," पलीकडच्या मशीनवरचा ऑपरेटर म्हणाला. पुन्हा सगळे हसले. चाचांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

मी हातात एक परत आलेला शाफ्ट धरून उभी होते. तो गार होता. आम्ही मोजला होता तो गरम असताना. त्या गारपणावरूनच मला काय झालं ते कळलं. बोलायचं तर तेव्हाच होतं. मी मनात वाक्य जुळवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि ते नीट जुळेपर्यंत माणसं पांगली. असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे वाक्य दोन शब्दांचं होतं.

सगळे गेल्यावर मी शून्य खोडून वीस केलं. माल बरोबर यायला लागला. चाचांना तोवर अण्णांनी पॅकिंगला लावलं होतं, शाफ्टना तेलकट कागद गुंडाळायला, आणि त्यामुळे सगळ्यांना वाटलं की दोष त्यांचाच होता. अण्णा मला म्हणाले, "बघ, माणूस बदलला आणि काम सुधारलं." मी मान डोलावली.

महिनाभराने चाचा मिरजेला डोळे दाखवून आले. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी मायक्रोमीटरची लाकडी पेटी ठेवली.

"डाक्टर म्हनतो डोळं चांगलं हायती. मोतीबिंदू न्हाई, काय न्हाई. मग हातच गेला म्हनायचा, बेटा. हे तू ठेव."

मी पेटी उघडून मायक्रोमीटर उचलला. खाली मखमलीवर त्याचा ठसा उमटलेला होता. मी म्हणाले, "चाचा, हात नाही गेला. मी चुकले. मशीन उष्णता वजा करत नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातातून घेऊन परत पेटीत ठेवला. मग म्हणाले, "मालकास्नी सांगितलंस?"

"नाही."

"मग मला एकट्याला सांगून काय उपेग?"

पेटी तिथंच ठेवून ते पॅकिंगकडे गेले.

अण्णा जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवतात, अंधारल्यावर काही खात नाहीत. मी गेले तेव्हा त्यांनी डबा उघडला होता. मी सगळं सांगितलं, रकाना, सेन्सर, वीस मिनिटं, आणि त्यांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी डोलावलेली मानसुद्धा. ते ओरडले नाहीत. किती दिवस झाले, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी मोजून सांगितलं. खिडकीबाहेर अंधारलं होतं. त्यांनी भाकरी परत डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि न जेवताच पॅकिंगच्या खोलीकडे निघाले. मी पेटी उचलून त्यांच्या मागून गेले.

चाचा आता पुन्हा सीएनसीवर आहेत. अण्णांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, मीही मागितली. शाफ्ट दगडावर निवतात, चहाही होतो. पण पूर्वी चाचा एकदा माप घेऊन शाफ्ट पुढे ढकलायचे. आता ते माप घेतात, शाफ्ट फिरवून पुन्हा घेतात, आणि मग मला हाक मारतात.

"बेटा, जरा बघ गं. बरोबर हाय न्हवं?"

दर वेळी बरोबरच असतं. मी दर वेळी तसं सांगते. पुढच्या शाफ्टला ते पुन्हा हाक मारतात.