आमच्या गल्लीने बडग्या जाळला

"जाळा! जाळा याले!" टाकीच्या शिडीवर उभा राहून आमचा क्रांतिकारक ओरडत होता. हा कॉलनीच्या मधल्या गल्लीत राहणारा, विमा विकणारा गृहस्थ. आवाज असा की हुडकेश्वरात हा ओरडला आणि सक्करदरा तलावातली बदकं उडून थेट उमरेडला उतरली. मी मोजायला गेलो नाही, एवढंच.

भांडण पाण्याचं. बोअरच्या पाण्याची चावी सोसायटीच्या अध्यक्षांकडे, आणि पाणी त्यांच्या पुढच्या गल्लीत. आमच्या मागच्या गल्लीत नळ उघडला की पाल बाहेर यायची, तीही तहानलेली. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं होतं, खांद्यावर जोर नको. ती मात्र रोज देवळाच्या हापशीवरून कळशा आणत होती. मी? माझी कंबर नाजूक, शिवाय क्रांतीत गुंतलेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बडग्या निघतो. नकोशा माणसाचा पुतळा करायचा, शिव्या देत फिरवायचा, जाळायचा. आम्ही अध्यक्षांचा केला. पण पुतळ्याला अध्यक्षांसारखी सफारी कुठून आणायची? आमचे शूरवीर गेले थेट अध्यक्षांच्याच घरी मागायला! वहिनींनी इस्त्री करून दिली. वर म्हणाल्या, "पोट मोठं करजा गा. भरायला तणस कमी पडली तर सांगा."

मिरवणुकीत सगळ्यांत पुढे खुद्द अध्यक्ष. "पाणीचोराले घेऊन जा गा बडग्या!" म्हणून स्वतःच्या पुतळ्यापुढे असे नाचले की बँडवाला दमला. पुतळा जळाला. त्यांनी हसत राजीनामा दिला, चावी आमच्या क्रांतिकारक नेत्याच्या हातावर ठेवली आणि तर्री-पोहे खायला निघून गेले. मग भाषणं झाली. जनता, व्यवस्था, नवी पहाट! ज्यांना घरात बायकोपुढे चहा मागायची हिंमत नाही, ते सिंहासनं उलथवून राहिले होते. गुलाल तर इतका उधळला की नंदनवनपर्यंतची कुत्री आठवडाभर गुलाबी फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या गल्लीत नेता पाइप लावून आपली गाडी धूत होता. नळाला असा जोर की बोनेटवर इंद्रधनुष्य. आमच्याकडे पाल.

बायको रिकामी कळशी घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काहून भाऊजी, आमच्या गल्लीले पाणी कधी सोडता?"

त्यानं पाइप दुसऱ्या चाकाकडे वळवला.

"आधी येत होतं तसंच येईल, वहिनी."