खदानीच्या काठी अर्धी माळ

चिंचेच्या कोळाने निम्मी भांडी घासून सुभद्रेने उन्हात पालथी घातली होती. उरलेली मोरीत तशीच पडलेली, आणि त्यांत मोठा पितळी गंज नव्हता. महालक्ष्म्यांच्या पुरणाची डाळ ज्यात शिजते तोच, माणसाचं डोकं मावेल एवढ्या तोंडाचा. तो कुठे गेला हे कोणाला विचारायची गरज नव्हती. हात पदराला पुसून ती तशीच खदानीकडे निघाली.

तिचा नवरा नत्थुजी अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनात फिटर होता. हंगाम सरला की जिन बंद, आणि मग या माणसाला पाणी दिसलं की राहवायचं नाही. कोणाच्या विहिरीत बादली पडो, तांब्या पडो, हा धोतर खोचून तयार. तिथवर तिने चालवून घेतलं. पण दोन उन्हाळ्यांपासून त्याला जिनामागच्या जुन्या खदानीने झपाटलं होतं. म्हणे पूर्वी कोणी ठेकेदार चांगल्या दगडाच्या मागे लागून कपारीतून आडवं भुयारच काढत गेला. मग झरे फुटले, माणसं पळाली, खदान भरली ती भरलीच. ते भुयार कुठवर जातं एवढं नत्थुजीला पाहायचं होतं. तिथे ना धन पुरलेलं, ना देव बसलेला. नुसतं पाहायचं.

युक्ती त्याची स्वतःची. गंज पालथा करून, दगड बांधून, भुयाराच्या तोंडाशी पाण्यात टांगायचा. आत हवा कोंडून राहते. परतताना दम संपला की गंजात डोकं घालून श्वास घ्यायचा आणि मग वर यायचं. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर सहदेवच्या हातात. सहदेव हा सुभद्रेचा धाकटा भाऊ. त्याचा जन्म मोट हाकण्यात गेलेला.

ती पोचली तेव्हा नत्थुजी काठाला धरून खोकत होता. ढोपरं सोललेली.

"सहदेव, माणूस हाओ मी, मोट नाई. काहून ओढलं?"

"दोर ताणला, भाऊजी. मोट भरली का दोर ताणते. आपला हात आपोआप मागं येते."

"आत जाईन तं ताणनच ना दोर."

"मंग ढिल्ल्या दोरानं जात जा."

"माहा गंज द्या," सुभद्रा म्हणाली.

"खाली टांगला हाय. निव्वळ पाणी हाय वं, धुतलेलाच येईन." तो तिच्याकडे पाहत राहिला. "तूच काहून नाई धरत दोर? रोज विहिरीचं पाणी ओढतं."

तिला संताप आला. पण हा काही ऐकणार नव्हता, आणि सहदेवच्या हाती दोर राहिला तर एखाद्या वेळी कपाळमोक्ष ठरलेला. तिने दोर घेतला.

"कधी ओढू?"

"जपाची माळ हाय ना जवळ? अर्धी झाली का ओढ. त्याच्या आधी नाई."

तो बुडाला. तिने एका हाताला दोराचा वेढा घेतला, दुसऱ्या हाताने मणी ओढत रामनाम सुरू केलं. काळजात धडधड, तसे मणीही धावू लागले. अर्धी माळ कधी सरली तिला कळलं नाही. तिने ओढलं. नत्थुजी वर आला तो लालबुंद.

"आत्ता कुठं भुयारात शिरलो व्हतो. रामाले काय गाडी पकडाची व्हती?"

सहदेव खो खो हसला. सुभद्रेला लाज वाटली, नवऱ्याची नव्हे, देवाची. नाम असं फेकायचं असतं का? दुसऱ्यांदा तिने एकेक मणी थांबून ओढला. जीव पिळून निघत होता, तरी घाई केली नाही. अर्धी माळ झाली तेव्हा तिने दोर खेचला.

दोर हलका आला. हात ओळखून चुकले. टोक वर आलं ते मोकळं, गाठ सोडलेली.

सहदेव सदरा काढू लागला.

"तुले पोहता येते?"

"नाई."

"मंग बस खाली."

पुढे काय करावं तिला सुचेना. पाणी तसंच काळं, निपचित. बोटं पुढचा मणी ओढत राहिली, ओठ मात्र हलेनात. किती वेळ गेला देव जाणे. मग बुडबुडे आले, आणि मागोमाग नत्थुजीचं डोकं. हसत होता.

"आत वर मोकळी जागा हाय वं. हवा हाय. मस्त बसलो व्हतो."

"अन् दोर?"

"दोन-चार हात अपुरा पडला. सोडून देल्ला."

"सोडून देल्ला?"

"पाण्यातून तुले कसं सांगू? अन् आयक, पुढं अजून एक भोक हाय. याले दुसरा दोर जोडला का..."

सुभद्रा दोर गुंडाळू लागली, ओल्या दोराने लुगडं भिजलं तरी थांबली नाही.

"कोनाचा हाय हा?" तिने सहदेवला विचारलं.

"खुशालरावचा. त्याइच्या मळ्यावर इंजिन बसलं, मोट बंद पडली."

तिने वेटोळं खांद्यावर टाकलं.

"कुठं चाल्ली वं?" पाण्यातूनच नत्थुजी ओरडला.

खुशालरावांच्या मळ्यावर दोर परत द्यायचा होता, आणि हा पुन्हा कोणालाही देऊ नका, असं त्यांच्या बायकोला, गोदाबाईंना, बजावून यायचं होतं.