दहा घरांची एक खुर्ची

प्रदीप ओव्हाळ आयुष्यभर लोकांच्या घरात डोकावत आले, आणि तेही ओळखपत्र दाखवून. राहायचे तळेगाव दाभाड्यात, कंत्राटावर सर्वेक्षणाची कामं करायचे. गुरं किती, संडास पक्का की कच्चा, कुणाची पोरं शाळा सोडून हॉटेलात भांडी घासतात, हे विचारण्यात तीस वर्षं गेली. नव्या मुलामुलींना ते एकच गोष्ट शिकवायचे, "तोंड काय सांगतं ते लिहा, पण आधी चुलीकडे बघा. चूल खोटं बोलत नाही."

त्या वर्षी काम होतं तालुक्यातालुक्यातली गरिबी मोजायचं. सगळी घरं पालथी घालायला वेळ कुणाला आहे? शितावरून भाताची परीक्षा! चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडी घरं उचलायची आणि एकेका घराच्या उत्तरावरून आणखी सहाशे घरांचा अंदाज बांधायचा. आता मावळ म्हणजे काय एका जातीचा तांदूळ आहे? लोणावळ्याचे बंगले त्यात, कुसगावची हॉटेलं त्यात, तळेगावच्या सोसायट्या त्यात, आणि वडिवळ्याच्या वर डोंगराला चिकटून बसलेली ठाकरांची वाडीही त्यातच. डोंगरातल्या सगळ्या वाड्यांच्या वतीनं बोलायला या एकाच वाडीतली दहा घरं निघाली होती.

ओव्हाळांनी आदल्या दिवशी निरोप धाडला, आणि तिथंच घोळ झाला. वाडीची रीत अशी, की एका घरचा पाहुणा तो अख्ख्या वाडीचा पाहुणा. मुलगी बघायला माणसं आली, की ज्याच्याकडे जे चांगलं असेल ते त्या घरात नेऊन मांडायचं. बजरंगची लाल प्लास्टिकची खुर्ची, नंदाबाईची गॅसची शेगडी, सरूबाईचा टेबलफॅन. पाहुण्यासमोर मान खाली जायला नको. सरकारकडून आलेला माणूस तर व्याह्याहून मोठा.

खुर्चीचा एक पाय तारेनं बांधलेला होता. पहिल्या घरात ओव्हाळ तिच्यावर बसले. दुसऱ्या घरातही तारेचाच पाय. तिसऱ्या घरात शिरताना मागच्या दारानं पंखा आत येताना त्यांनी पाहिला आणि त्यांना हसू आवरेना.

चौथं घर सावित्राबाईचं. नवरा नवशा वारलेला, मुलगा तुषार कामशेतला मिळेल त्या मजुरीवर, घरात सून मंगल, पाचव्या महिन्यात.

"मावशी, पंखा आहे?"

"हाय की. ह्यो काय फिरतुया."

"गॅस?"

"हाय."

ओव्हाळांनी चुलीकडे पाहिलं. शेगडीमागं चूल पेटलेली होती आणि कोरा चहा तिच्यावर उकळत होता. शेगडीला नळीसुद्धा जोडलेली नव्हती. मंगलनं चहा दिला आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. तिची नखं पांढरी पडली होती.

"वारा लागतोय का, भाऊ?" तिनं विचारलं.

"लागतोय. तू औषध घेतेस ना?"

"म्हैन्यातनं दोनदा दवाखान्याची गाडी येती वर. रक्ताच्या गोळ्या देत्यात."

ओव्हाळ हातातल्या टॅबलेटवर फॉर्म भरत होते; त्यात शेवटी शेऱ्याची जागा होती. 'वस्तू मागून आणलेल्या आहेत' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण लिहिण्याआधी माणसाला तसं विचारावं लागतं, आणि सावित्राबाई समोर ताठ उभी होती. ओव्हाळांना त्यांची आई आठवली, रतनबाई. पाहुणे आले की शेजारच्या घरून कपबश्या आणायची आणि आपल्याच असल्यासारख्या पुढं करायची. तेव्हा कुणी चारचौघांत विचारलं असतं, या कपबश्या कुणाच्या, तर आई लाजेनं मेली असती. ओव्हाळांनी शेरा कोरा सोडला. दहाही घरांचा. आपण चांगुलपणा केला असं त्यांना वाटलं, आणि ते समाधानानं डोंगर उतरले. असला चांगुलपणा जळो!

दोन महिन्यांनी आकडे आले. मावळची गरिबी एकदम खाली आलेली.

"वाड्यांचेसुद्धा पंखे, गॅस छान आलेत, सर," त्यांची तरुण अधिकारी अनघा म्हणाली. "ती फिरत्या दवाखान्याची गाडी आता दुसऱ्या तालुक्याला देतायत. तिकडे टक्का जास्त आहे."

ओव्हाळांनी घाईघाईनं खुर्चीची, पंख्याची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग शेऱ्यात का नाही लिहिलंत?"

एक घर सहाशे घरांच्या वतीनं बोलतं, हे त्यांनीच शेकडो जणांना शिकवलं होतं.

महिन्याभरानं ते वाडीवर गेले. या वेळी निरोप धाडला नाही, हातात टॅबलेटही नव्हता. तरी ते दिसताच बजरंग धावत खुर्ची घेऊन आला आणि सावित्राबाईच्या अंगणात ठेवली. तारेचा पाय तोच. आता दोन्ही हातांना बांबूही बांधलेले होते.

"बांबू कशाला?" ओव्हाळांनी विचारलं.

"मंगलला खाली न्यायला बांदलं," बजरंग म्हणाला. "गाडी यायची बंद झाली, गोळ्या संपल्या. दिस भरायच्या आदीच कळा लागल्या. रगत थांबंना. चौघांनी उचलली, पन डांबरीपातुर पोचलोच न्हाई."

ओव्हाळ खाली मातीतच बसले. सावित्राबाई उंबऱ्यात होती. मागच्या खेपेसारखी ती ताठ नव्हती. ती त्यांच्या मोकळ्या हातांकडे पाहत होती.

"मावशी, चूक माझी झाली," ते म्हणाले. "मला दिसत होतं. मी लिहिलं नाही."

"आमी लबाड बोललो, म्हून तुमी तसं लिवलं," ती म्हणाली. "आता खरं सांगते. लिवा."

"आता लिहून..."

"लिवा म्हन्ते ना!"

त्यांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"पंखा न्हाई," सावित्राबाई सांगू लागली. "ग्यास न्हाई. खुर्ची हाय ती बजरंगची. सून न्हाई."