निकानोरने धुतलेला स्पंज

बाताबानोच्या धक्क्यावर निकानोर पेद्रोसोचं नाव स्वच्छतेसाठी घेतलं जाई. ही स्वच्छता त्याच्या सदऱ्यावर कुठे दिसत नसे. ती त्याच्या स्पंजांत असे. होडीतून ओणवं होऊन, काचेच्या तळाच्या बादलीतून समुद्र न्याहाळायचा, लांब काठीच्या धारदार आकड्याने स्पंज कापून वर घ्यायचा, उथळ पाण्यातल्या कुंपणात पाच दिवस कुजवायचा आणि सोट्याने बडवून आतला काळा गाळ काढून टाकायचा. उरतो तो मऊ, पिवळसर सांगाडा. पन्नास वर्षांत त्याच्या स्पंजात मांसाचा कण कुणाला सापडला नव्हता.

अशा माणसाकडे संशोधक डॉक्टर, दोक्तोरा मायेलिन, हवानाहून मदत मागायला आली. तिच्या बाटलीत एका स्पंजाचा अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा होता. त्यातल्या एका द्रव्याने प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावली होती. ताटलीतल्या, माणसातल्या नव्हे, हे तिने तीनदा बजावलं. द्रव्य आता संपलं होतं, आणि महिनाअखेरपर्यंत आणखी नमुना मिळाला नाही तर तिचं संशोधन बंद होणार होतं.

"ओळखता का, काका?"

"हा घाणेरडा? हा आकड्याला लागला की आम्ही शिव्या देऊन परत फेकतो."

"मला तोच हवाय."

"अरे, बाईंना एखादा चांगला दाखव की," होडीतला जोडीदार बासिलिओ म्हणाला.

निकानोरने तो शोधला. आठवड्याने, कोऱ्या कापडात गुंडाळून, त्याने तो दोक्तोराच्या हातात ठेवला. कुजवलेला, बडवलेला, सात पाण्यांनी धुतलेला.

दोक्तोराने तो स्पंज उलटसुलट करून पाहिला. "काका, आतलं कुठंय?"

"काढलं. एक कण ठेवला नाही."

"औषध त्यातच होतं."

तिने आवाज चढवला नाही, म्हणून निकानोरला जास्त लागलं. महिन्याचे दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. पाणी गढूळ झालं. बादलीतून दिसायचं ते निकानोरचं स्वतःचं नाक.

"चल परत," बासिलिओ म्हणाला. "तुझ्या नाकात कुणाला औषध सापडायचं नाही."

"तू वल्हव."

नवा स्पंज मिळणार नव्हता. पण स्पंज कापताना बोटभर बुंधा ठेवायचा, तो पुन्हा वाढतो, हा इथला नियम. आठवड्यापूर्वी कापलेल्या त्या स्पंजाच्या बुंध्याची जागा निकानोरला किनाऱ्यावरच्या खुणांनी पाठ होती. त्याने आकडा पाण्यात सोडला, तळ चाचपला, आणि थांबला.

"काढ की."

"बुंधा आहे, गड्या."

"बुंध्यासाठीच आलो ना?"

आजवर त्याने एकही बुंधा काढला नव्हता. दुसऱ्याने काढला तर महिनाभर त्याच्याशी बोलत नसे. शेवटी त्याने अर्धाच कापला, न पाहता, निव्वळ हाताच्या अंदाजाने.

धक्क्यावर दोक्तोरा बर्फाची पेटी घेऊन उभी होती. समुद्राच्या पाण्यातला तो काळा, घाण वासाचा तुकडा तिने उचलून पाहिला.

"एवढाच?"

"बाकीचा तिथं आहे. त्याला वाढू दे."

तिने तो तोलून पाहिला. "एका चाचणीपुरता होईल. ती जमली तर मुदत वाढवून मागता येईल." मग जरा बिचकत विचारलं, "धुतला नाहीत ना?"

"नाही, दोक्तोरा," निकानोर म्हणाला. "वाटेभर दोन्ही हातांवर बसून आलो."