एकटीला जाता येतं का

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळ सरळ जात नाही, आणि काना-मात्रा चुकणार. शाळा चौथीपर्यंतच झाली. माफी कुणाची मागते तेही माहीत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. पण लिहायला बसलं की कुणीतरी समोर बसून वाचतंय असं वाटतं, आणि मला लाज वाटते.

आम्ही नवघरला राहतो. आमची खोली चाळीच्या टोकाला आहे. पुढे थोडी मोकळी जागा आहे, म्हणून कर्जाच्या गटाची मीटिंग माझ्याच दारात होते, दर मंगळवारी. हे कर्ज पुरुषांना देत नाहीत, बायकांनाच देतात, आणि एकटीला देत नाहीत. सगळ्या जणी एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि तो भरला जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. त्यामुळे गटात घेताना बायका एकमेकींना नीट पारखून घेतात. जिच्या घरात कटकट आहे, जिच्या हातात पैसा नाही, तिच्यासाठी कुणी उभं राहत नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही. पण हप्त्याच्या दिवशी सगळ्या जणी चांगली साडी नेसून येतात आणि हसत बसतात.

माझं कर्ज कागदावर शिलाई मशीनसाठी होतं. मशीन शेजारच्या काकूंची. त्या गटाच्या प्रमुख आहेत. अर्ध्या चाळीने त्या मशीनपाशी बसून कर्जाला लागणारा फोटो काढलाय. माझा फोटो काढताना काकू म्हणाल्या, "पाय खाली पायडलवर ठेव गं, नाहीतर भांडी घासायला बसल्यासारखी दिसतेस." मला तुटलेलं बटण लावता येतं, तेवढंच. पैसे ह्यांनी घेतले आणि दिरांच्या भागीत टेंपोला लावले. टेंपो चालतो. हप्त्याचे पैसे हेच देतात, मंगळवारी सकाळी साखरेच्या डब्याखाली ठेवून जातात. ह्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. ह्यांनी कधी हात उचलला नाही. कधी कशाला नाही म्हटलं नाही. "बघू" म्हणतात.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. डॉक्टर एकदा म्हणाले होते, "हे काम तुम्ही रीतसर शिकलात तर हॉस्पिटलमध्ये पगारावर घेतील." तसं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर धीर करून मी ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "बघू. मंगळवारची मीटिंग आपल्याकडे असते, घर कोण उघडणार?" ते खरंच होतं. मी भात वाढला.

मग एका मंगळवारी एक मुलगी आली. पाठीला बॅग, हातात उत्तरं लिहून घ्यायचा मोठा फोन. कुठल्याशा संस्थेची होती. हप्ता घ्यायला येणाऱ्या सरांना विचारून ती मीटिंगमध्येच बसली, कारण सगळ्या बायका एका जागी सापडतात. म्हणाली, "घरात टीव्ही आहे का, फ्रिज आहे का, ते मी विचारणार नाही. बाईला काय काय करता येतं, ते विचारणार. दोन बायका घरी बसलेल्या असतात. एक आपल्या मनाने बसलेली असते आणि दुसरीला बाहेर पडताच येत नाही. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात."

हे ऐकून मी चटईवर पुढे सरकले. ही मुलगी माझ्या घरात कधी आली नव्हती, मग तिला कसं कळलं असं वाटलं.

पहिला नंबर माझाच लागला, कारण चटईवर मीच पुढे होते.

"ताई, एकट्या बाहेर जाता येतं का तुम्हाला? समजा उद्या जेसल पार्कला जायचंय."

"जेसल पार्कला काय, दुबईला जाईल ती," काकू म्हणाल्या. "तिकीट तेवढं तुम्ही काढा." सगळ्या हसल्या.

"हो," मी म्हणाले.

"जाता का, असं नाही विचारत मी. मनात आलं तर कुणाला न विचारता जाऊ शकता का?"

सर मान खाली घालून नोटा मोजत होते. ते ऐकत होते. बायकाही ऐकत होत्या. नाही म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की ज्या बाईला आपण जामीन राहिलो, तिच्या हातात काहीच नाही.

"हो."

"पैसे कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवता?"

"हो."

"आणि काम करावंसं वाटलं तर?"

"मशीन आहे ना तिच्याकडे," काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

माझ्यामागून सगळ्यांनी हो हो केलं. शेवटी आमच्यातली सगळ्यात लहान, नुकतंच लग्न होऊन आलेली, म्हणाली, "माझं तसं नाही. मला विचारावं लागतं. बँकेचं कार्डही सासऱ्यांकडे असतं."

मग काकू सरांकडे बघून म्हणाल्या, "गंमत करते हो ही."

"गंमत नाही, काकू," ती म्हणाली.

निघताना त्या मुलीने सांगितलं की ज्यांच्या वाटा बंद आहेत त्यांच्यासाठी संस्था मीरा रोडला रुग्णसेवेचा क्लास घेते. फुकट, वर जाण्या-येण्याचं भाडं, आणि पुढे हॉस्पिटलमध्ये काम. माझ्याकडे बघून छान हसली. "तुमचं तर सगळं चांगलंय, ताई."

मी तिच्यामागे गेले. अनवाणीच. नळापाशी ती थांबली.

"काही राहिलं का ताई?"

"ते मघाचं," मी म्हणाले. "ते बदलता येतं का?"

"काय बदलायचंय?"

मागून सरांचा आवाज आला, "वहिनी, तुमची सही राहिली." सगळ्या बायका दारातून इकडेच बघत होत्या.

"काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही पाणी प्यायला नाहीत."

"पुढच्या वेळी नक्की," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

आमच्यातल्या त्या नव्या सुनेचं नाव क्लासमध्ये लागलं. संस्थेची माणसं तिच्या सासऱ्यांशी येऊन बोलली. तिचं पुढचं कर्ज मात्र झालं नाही, कारण तिला जामीन राहायला कुणी तयार नव्हतं. मीही हात वर केला नाही. आता ती सकाळी निळा ड्रेस घालून माझ्या दारावरून जाते. एकदा मी विचारलं, काय शिकवतात. म्हणाली, "पेशंटला कुशीवर वळवायला. लय अवघड असतं, वहिनी."

"हो का," मी म्हणाले. मग विचारलं, नवी नावं घेतात का.

"आता नाही घेत. त्या दिवशी जी यादी झाली तीच. पण तुम्हाला कशाला हवंय? तुम्ही तर मोकळ्या आहात."

ह्यांना क्लासचं मी खूप दिवसांनी सांगितलं. हे खरंच चकित झाले. "अगं मग तेव्हाच सांगायचं ना. मी कधी अडवलंय का तुला?"

मी आठवून बघितलं. कधीच अडवलं नव्हतं. भिंत असती तर हात लावून दाखवली असती. कुठे अडलंय तेच मला दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही ते त्या मुलीच्या मोठ्या फोनमध्ये कसं जाणार? तिथे मी हो, हो, हो अशीच आहे.

या मंगळवारी माझा शेवटचा हप्ता होता. सर म्हणाले, "वहिनी, तुमचा हप्ता कधी चुकला नाही. पुढचं मोठं मिळेल. तुमच्या साहेबांचा फोन आला होता मला, दुसरा टेंपो बघताहेत म्हणाले."

मला हे ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

"मशीन पुसून ठेवते," काकू म्हणाल्या. "या वेळी फोटोत हस जरा."

तेवढा वेळ, जुनं कर्ज संपून नवं सुरू होईपर्यंत, मी कुणाच्याच जामिनावर नव्हते. त्या मुलीने येऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले असते, तर सगळ्यांच्या देखत मी नाही म्हणाले असते. निदान मला तसं वाटलं. मी नळाकडे बघितलंसुद्धा, तिथे कुणी नव्हतं. सरांनी नोटा दोनदा मोजल्या, माझ्या कार्डावर शिक्का मारला आणि मला सही करायला लावलं. पैसे पूर्ण फिटले.