वाइहीच्या चर्चबाहेर उभा राहिलेला भाऊ

वाइहीला जायचं मी ठरवलंच नव्हतं. ठरवलं कॉनने, गाडी माझी होती इतकंच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसनला फार्मासिस्ट होते आणि कॉन आमच्या शेजारचा ऐंशीचा आयरिश म्हातारा. एका सकाळी सूट घालून दारात उभा.

"ब्रिडीचा नवरा गेला. नेशील मला?"

ब्रिडी म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण. तिने इंग्रजाशी लग्न केलं म्हणून हा चाळीस वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. मयताला नाही कसं म्हणणार? टाकली रजा.

हेन्डरसन ते वाइही अडीच तास धरा. पेट्रोल टाकानिनीलाच भरून घ्या. पुढे बॉम्बे हिल्सची पाटी लागते; आहेत नुसती कांद्याबटाट्याची शेतं, पण नाव वाचून मी उगाच गाडी हळू करते. पैरोआला मीट-पाय, म्हणजे आपल्या खिमा पॅटिसचा भाऊबंद, आणि चहा घेतला, दोघांचे मिळून सहा-सात डॉलर. कॉनने मीट-पायला हात लावला नाही.

"तुम्हीही हाकललंत ना इंग्रजांना? तुला कळेल," तो म्हणाला.

"हाकललं. पण त्यांचा चहा ठेवून घेतला की!"

हसला नाही. मग त्याने सांगितलं. आयर्लंडचा लढा चालू असताना इंग्रज सैनिकांनी त्याच्या वडिलांना अंगणात गोळी घातली आणि घर पेटवलं. कॉन पाच वर्षांचा होता, ब्रिडी आईच्या पोटात. "तिने पाहिलंच नाही," तो सारखा म्हणत होता. "तिला कसं कळणार?"

पैरोआनंतरच्या घाटात गाडी हळू चालवा, वळणं वाईट आहेत. खाली नदी फार सुंदर दिसते. त्या दिवशी मी तिच्याकडे धड बघितलंही नाही.

वाइहीचं चर्च लाकडी, पांढरं, लहानसं. प्रोटेस्टंटांचं. पूर्वी कॉनसारखा कॅथलिक माणूस अशा चर्चमध्ये पाऊल ठेवत नसे, प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभा राहायचा. ती बंदी उठून जमाना झाला होता. कॉन तरीही फाटकापाशी थांबला, टोपी हातात घेऊन. मी विनवलं, मग चिडले. "अहो, मेलेल्या माणसाशी कसलं वैर? आणि तुमचा मेव्हणा आर्थर जन्मभर बेकरीत पाव भाजत होता!"

"तू जा पोरी," तो म्हणाला.

गेले. पहिल्या बाकावर ब्रिडी, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी. कोणी बसायला आलं की ती हात ठेवायची. दार वाजलं की मान वळवायची. शेवटपर्यंत.

शवपेटी बाहेर आली तसा कॉन पुढे झाला. बहिणीशी हस्तांदोलन केलं. "तुझ्या दुःखात सहभागी आहे," म्हणाला. आयरिश मयताला आलेला कुणीही परका माणूस घरच्यांना हेच म्हणतो.

"आल्याबद्दल आभार," ती म्हणाली. तेही परक्यालाच म्हणतात. मला तिथेच रडू फुटलं.

परतताना त्याने खोदून खोदून विचारलं. कुठली गाणी म्हटली? ती रडली का? शेजारी कोण बसलं होतं? खोटं बोलता आलं असतं, पण खरंच सांगितलं. "कोणी नाही. जागा तुमच्यासाठी ठेवली होती." मग हेन्डरसनपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून बसला.

घरी आल्यावर त्याने माझ्याकडून ब्रिडीला फोन लावून घेतला. तिचा आवाज आला आणि त्याने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "सांग, पोचलो म्हणून."

सांगितलं. ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नसेल त्याने. जेवायला सांग."

तेही सांगितलं. पुढे तो गेला तोवर दर रविवारी मीच फोन लावायचे. तो माझ्या शेजारी कान देऊन बसायचा, पलीकडे ती. इंग्रज त्यांच्या गावातून केव्हाच गेले होते. आणि ही दोन म्हातारी भावंडं पुण्याच्या एका बाईला मधे घेऊन एकमेकांना विचारायची, जेवलास का, जेवलीस का.