दोन फॉर्म, एक पेशंट

गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात आमची कंपनी होती. मालक, मी आणि दोन कॉम्प्युटर. शेजारच्या गाळ्यात पत्र्याचे डबे ठोकत आणि आमच्यात सॉफ्टवेअर. आवाज सोडला तर फारसा फरक नव्हता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वसईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता आणि त्याचा मला भलताच गर्व होता.

माझी हुशारी अशी की पेशंटची सगळी माहिती एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका कप्प्यात, ठेवायची आणि स्क्रीनवरच्या सगळ्या फॉर्मनी तेच वापरायचं. घरात सगळ्यांना मिळून खुंटीवर एकच टॉवेल असावा, तसं. गाळ्यात आम्ही एका वेळी एकच पेशंट उघडून बघायचो, त्यामुळे सगळं सुरळीत चालायचं.

लॅबमध्ये मात्र जवळच्या भुईगावची माणसं यायची, आणि ती एकटीदुकटी येत नाहीत. सासूची शुगर तपासायची तर सून, नणंद, शेजारीण, सगळ्या हात पुढे करून बसणार, आणि रिपोर्टही सगळ्यांचे एकदमच नेणार. लॅबमध्ये टायपिंग करणारी मुलगी त्याच गावची. ती बिचारी सगळ्यांचे फॉर्म एकदम उघडून ठेवायची. दुसरा फॉर्म उघडला की माझ्या ऑब्जेक्टमध्ये दुसरा पेशंट येऊन बसे. पहिल्या फॉर्मवर नाव पहिल्याचंच दिसे, पण तिथून प्रिंट काढली की आकडे दुसऱ्याचे छापून येत.

तिने मला हे सांगितलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. "दोन फॉर्म उघडले की कोनाचं रक्त कोनाला जातं, सर," ती म्हणाली होती. मी हसलो आणि एका वेळी एकच उघडत जा म्हणालो. बारावी झालेल्या मुलीने माझी चूक काढावी, हे मला खपलं नाही. खरं कारण एवढंच आहे.

मग एका सासूच्या नावावर तिच्या सुनेची शुगर छापली गेली. डॉक्टरांनी न बघता सही ठोकली. म्हातारीने आनंदाने गोळ्या बंद केल्या, घरच्या लग्नात पोटभर गोड खाल्लं आणि चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली. तिचा मुलगा कागद घेऊन लॅबमध्ये आला, आणि डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं.

ती मुलगी टेबलाशी उभी होती. प्रोग्रॅममध्ये काही गडबड आहे का, असं डॉक्टरांनी सरळ विचारलं. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि मालक हाच प्रोग्रॅम आणखी दोन लॅबना दाखवत होता.

"जे टाइप केलं, तेच छापून येतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्हाला सांगितलेलं ना मी?" एवढंच म्हणाली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि चोर तिथेच खुर्चीवर बसून चहा पीत होता.

ती गेल्यावर मी तिचा ड्रॉवर उघडला. आत एक वही होती. माझ्या प्रोग्रॅमवर विश्वास नाही म्हणून ती प्रत्येक तपासणी हाताने लिहून ठेवायची. म्हातारीचा आकडा त्यात बरोबर होता. आधी तीन ठिकाणी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'प्रिंटमध्ये दुसऱ्याचे आकडे आले. वहीत बघून परत काढली. सरांना सांगितलं.' चौथ्या वेळी गर्दीत तेवढं वहीत बघायचं राहिलं असणार.

दुरुस्ती करायला मला एक दुपार पुरली. प्रत्येक फॉर्मला त्याचं स्वतःचं ऑब्जेक्ट दिलं, बस. नवीन आवृत्ती म्हणून मालकाने ती तिन्ही लॅबमध्ये बसवली, माझी पाठ थोपटली आणि मी पक्का झालो.

तिच्या जागी आलेल्या मुलीने त्या वहीत आपणही लिहायचं का, असं विचारलं. आता गरज नाही, असं मीच तिला सांगितलं, आणि वही माझ्या हाताने रद्दीत टाकली.